नभोवाणीवरील गुप्तहेर

ज्या वाङ्मयप्रकाराला विद्वानांच्या पंक्तींत पाट मिळत नाहीं, त्याचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. हेरकथा हा असाच एक प्रकार होय. त्यांतही ती छापलेली असली, तर निदान एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटांत धूळ खात तरी पडते. नभोवाणीवरून ऐकविलेल्या हेरनाट्याच्या नशिबीं तेवढेंही नसतें. बोललेला शब्द हवेंत विरतो, आणि तो ऐकणारीं माणसेंही एक-दोन पिढ्यांत निघून जातात. तरीही या विरून गेलेल्या शब्दांनीं एक मोलाचें कार्य केलें आहे, असें आमचें मत आहे. या मताचें मूळ जव्हारच्या एका ओटीवर आहे. परंतु तेथें पोहोंचण्यापूर्वीं वाचकांस थोडें दूरदेशीं न्यावें लागेल.

अमेरिकेंत हेरकथेनें नभोवाणीवर बस्तान बसविलें तें १९३० च्या सुमारास. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेनें आपल्या हेरकथांच्या मासिकाचा खप वाढावा, म्हणून त्यांतील कथा ३१ जुलै १९३० पासून नभोवाणीवर ऐकविण्यास आरंभ केला. कथा सांगणाऱ्या निवेदकास ‘शॅडो’, म्हणजे छाया, असें नांव देऊन त्याचा आवाज मुद्दाम गूढ ठेवला होता. परिणाम मोठा गमतीचा झाला. श्रोते वर्तमानपत्रांच्या दुकानांत जाऊन मूळ मासिकाऐवजीं त्या छायेचेंच मासिक मागूं लागले! प्रकाशकांनीं गिऱ्हाइकाची नाडी ओळखून १९३१ सालीं त्या नांवाचें स्वतंत्र मासिकच काढलें. पुढें १९३७ सालीं ही छाया नाटकाचा खराखुरा नायक झाली, तेव्हां तिला आवाज दिला तो अवघ्या बावीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सनें.

याच १९३० सालच्या ७ जुलैस सर आर्थर कॉनन डॉइल निवर्तले. आणि त्यांच्या मृत्यूस चार महिने होतात न होतात तोंच, २० ऑक्टोबरला, त्यांचा शेरलॉक होम्स अमेरिकन नभोवाणीवर बोलूं लागला. होम्सची भूमिका केली ती विल्यम जिलेट या सत्त्याहत्तर वर्षांच्या नटानें. रंगभूमीवर तो १८९९ पासून होम्स रंगवीत आला होता. नाट्यरूपांतर ईडिथ मायझर या बाईंचें, आणि खर्च एका कॉफीच्या व्यापाऱ्याचा. पहिल्या प्रयोगासाठीं निवडलेली कथा होती ‘स्पेकल्ड बँड’, म्हणजे ठिपकेदार पट्ट्याची. हिंदुस्थानांत डॉक्टरी करून परतलेला एक क्रूर गृहस्थ हिंदुस्थानांतूनच आणविलेल्या विषारी सापाकरवीं आपल्या सावत्र मुलींचे प्राण घेऊं पाहतो, अशी ती कथा आहे.

ही निवड आम्हांस फार मार्मिक वाटते. कथेंतील सर्व महत्त्वाचा पुरावा कानांचा आहे. रात्रीं ऐकूं येणारी हलकी शीळ, मागोमाग धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज, आणि अखेरीस काळोखांत श्वास रोखून बसलेले होम्स व वॉट्सन. रंगभूमीवर काळोख दाखवावयाचा, तर त्यालाही थोडा उजेड द्यावा लागतो. छापील पानावर ‘शीळ वाजली’ असें लेखक सांगतो, आणि वाचक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. नभोवाणीवर मात्र ती शीळ श्रोत्याच्या स्वतःच्या कानावर पडते. तो आतां कथेचा वाचक राहत नाहीं. तो साक्षीदार होतो. हेराला जें ऐकूं आलें तेंच आपणांसही आलें. त्यानें तें ओळखलें, आपण ओळखलें नाहीं, एवढाच काय तो फरक. हेरनाट्याची खरी गोडी येथें आहे.

इंग्लंडांत नभोवाणी परवान्याच्या शुल्कावर चाले. तिला व्यापाऱ्याचा आधार नव्हता. तरीही फ्रॅन्सिस डर्ब्रिज यांचा पॉल टेंपल १९३८ पासून तेथें घरोघर पोहोंचला. १९४७ सालीं राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बी. बी. सी. साठीं अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनीं अर्ध्या तासाची एक श्रुतिका लिहिली. तिचेंच पुढें ‘द माउसट्रॅप’ हें नाटक होऊन तें २५ नोव्हेंबर १९५२ रोजीं लंडनच्या रंगभूमीवर आलें. आणि २०२०-२१ च्या साथींतला खंड सोडला, तर तें अद्यापि चालूं आहे.

आपल्याकडे स्थिति निराळी होती. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं एका खासगी कंपनीनें उघडलें. ज्या १९३० सालीं अमेरिकेंत होम्स बोलूं लागला, त्याच सालच्या मार्च महिन्यांत ही कंपनी बुडाली, आणि १ एप्रिलपासून सरकारनें तिचा कारभार हातीं घेतला. १९३६ सालीं तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. सरकारी छत्राखालीं संगीत, भाषणें, बातम्या यांची उत्तम जोपासना झाली. परंतु लोकरंजनाकडे पाहण्याची दृष्टि कांहींशी शाळामास्तरी राहिली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू झाली, तेव्हां ही दृष्टि निवळली. आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथें तिच्यावर जाहिराती आल्यावर व्यापाऱ्यांनीं पुरस्कारिलेल्या कार्यक्रमांचा मार्ग मोकळा झाला. त्या मार्गानेंच ‘इन्स्पेक्टर ईगल’ हा हिंदी हेर आला. अमेरिकेंतला होम्स कॉफीचें बोट धरून आला, आमचा हेर थर्मासचें, एवढाच भेद!

मराठी वाचकास हेर नवा होता असें मात्र नव्हे. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंझार, काळापहाड, धनंजय हे घरोघर ठाऊक होते. परंतु ठाऊक असणें निराळें आणि मान्य असणें निराळें. हीं पुस्तकें मुलें भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचीत, आणि सांपडलीं तर मार खात. नभोवाणीवरचा हेर घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखत येई. तो चोरून ऐकतां येत नसे, म्हणूनच त्यास घरांत मान मिळाला.

आमचे वडील १९७५ नंतरचीं कांहीं वर्षें जव्हारास शिक्षक होते. मुकणे राजघराण्याचें तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालेलें. गांव डोंगरमाथ्यावर, पावसाळ्यांत धुक्यानें वेढलेलें. संध्याकाळीं ओटीवर ट्रान्झिस्टर लावला, कीं शेजारपाजार गोळा होई. कौलें चाळावयास येणारे एक वृद्ध वारली गृहस्थ होते. आम्ही मुलें त्यांस बाबा म्हणत असूं. मोखाड्याकडील एका पाड्यावर त्यांचें घर होतें. त्यांस अक्षरओळख नव्हती, हिंदीही बेताचीच कळे. एकदां अशीच एक रहस्यश्रुतिका चालूं असतां बाबा मध्येंच म्हणाले, कीं हा मनुष्य खोटा आहे. धांवत आलों म्हणतो, पण त्याला दम कोठें लागला आहे? श्रुतिका संपली, आणि गुन्हेगार दुसराच निघाला. आम्ही मुलें हसलों. वडील हसले नाहींत. ते म्हणाले, “चूक बाबांची नाहीं, त्या नटाची आहे.”

पुढें वडिलांनीं त्यांस ठिपकेदार पट्ट्याची कथा सांगितली. साप शीळ ऐकून परत येतो आणि बक्षीस म्हणून दूध पितो, हें ऐकून बाबा आपल्या बोळक्या तोंडानें मनसोक्त हसले. नाग, मण्यार, घोणस, फुरसें हे त्यांचे नित्याचे शेजारी. यांपैकीं कोणी शिळीला ओ दिल्याचें त्यांनीं पाहिलें नव्हतें. शास्त्रही त्यांच्याच बाजूचें आहे. सापाला बाह्यकर्ण नसतो. त्यास मुख्यतः जमिनींतून येणारीं कंपनें कळतात, आणि दूध हें त्याचें अन्न नव्हे. डॉइल यांनीं कल्पिलेला साप तर हिंदुस्थानच्या कोणत्याही रानांत आढळत नाहीं. ज्या चुकीवर इंग्रजी जाणकारांनीं पुष्कळ शाई खर्चिली, ती जव्हारच्या ओटीवर एका निरक्षर वृद्धानें कथा ऐकतां ऐकतां पकडली!

आम्ही पुढें महाविद्यालयांत अध्यापन करूं लागलों, तर्कशास्त्राचे ग्रंथही चाळले. पण पुराव्यावरून अनुमान कसें करावें याचा पहिला धडा आम्हांस त्या ओटीवर मिळाला. हेरकथा वाचावयास अक्षरें लागतात. ऐकावयास कान आणि अवधान पुरतें. छापील हेरकथेनें जो आनंद साक्षरांपुरता ठेवला होता, तो नभोवाणीनें सर्वांस खुला केला, आणि बुद्धि ही अक्षरओळखीची मिंधी नाहीं हें दाखवून दिलें. आमच्या मतें हेंच तिचें मोलाचें कार्य होय.

बाबा आज नाहींत, वडीलही नाहींत. परंतु प्रत्येक घरीं असा एखादा श्रोता अद्यापि असेल, कीं ज्यास त्या संध्याकाळच्या श्रुतिका, ते आवाज, ते फसलेले तर्क आठवतात. वाचकांनीं त्याच्याजवळ घटकाभर बसून त्या आठवणी लिहून घ्याव्या, एवढीच आमची विनंति आहे. नभोवाणीवरील हेराचा आपल्याकडचा इतिहास कधीं काळीं लिहावयाचा झाला, तर त्याचीं साधनें तेथेंच सांपडतील.