सुईण, नर्स आणि आपल्या आया

शेमोथच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी भेटतात. फारोचा हुकूम मोडून त्यांनी इब्री बाळे वाचवली. फारोचे नाव तोरात सांगत नाही, सुइणींची मात्र सांगते. आपल्या समाजाच्या इतिहासात उलट झाले आहे. तेलाचे घाणे, पलटणीतले सुभेदार, मशिदी बांधणारे यांच्याबद्दल आपण पुष्कळ लिहिले. बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या बायकांबद्दल फार थोडे.

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत आपल्या घरची बाळंतपणे घरातच होत. सुईण येई. पुढे शेक-शेगडी, तेलाची मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. मुलगा झाला तर ४० आणि मुलगी झाली तर ८० दिवसांचा तोरातचा नेम. बाळ-बाळंतीण सुखरूप राहावी म्हणून एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस. यात बाईला विसावा आणि धीर मिळे, हे नाकारता येणार नाही. पण अडलेली बाळंतीण किंवा सुवारोग यांपुढे सुईण हतबल होई. न उकळलेल्या सुरीने नाळ कापली की धनुर्वाताचे भय असे.

मुंबईत १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले. तेथे बायकांवर उपचार करायला बायकाच होत्या. पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा दुखणे सोसणे बरे, असे मानणाऱ्या अनेक स्त्रियांना त्यामुळे इस्पितळाची पायरी चढता आली. याच इस्पितळाच्या प्रमुख म्हणून १९२८ ते १९४७ या काळात आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी काम केले. १९१९ मध्ये लंडनची एम.डी. पदवी मिळवणाऱ्या, १९६६ मध्ये पद्मश्री झालेल्या जेरुशाबाई आपल्याला माहीत आहेत. १९१३ मधल्या स्त्री मंडळाच्या स्थापनेमुळेही त्यांचे नाव घेतले जाते. मात्र त्यांच्या एका कामाची आठवण कमी निघते. मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात, याचा त्यांनी पद्धतशीर तपास केला आणि त्याचा अहवाल १९४१ मध्ये छापला गेला. “तिचे आयुष्य तेवढेच होते” असे म्हणून गप्प बसायचे नाही, कारण शोधायचे, ही त्यामागची दृष्टी होती.

कारण सापडले तरी ते घराघरांत समजावणार कोण? ते काम नर्सचे. आपल्या समाजात मुलींना लवकर शाळेत घातले गेले. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या इस्राएली शाळेचा त्यात मोठा वाटा आहे. शिकलेल्या मुलींतल्या कितीतरी नर्स आणि मिडवाइफ झाल्या. त्या मराठीत बोलत आणि सासूबाईंची समजूत कशी घालायची हे जाणत. खिरीला हरकत नाही, पण सुरी उकळून घ्या, असे सांगणारी बाई घरच्यांना आपली वाटते.

इस्राएलात आलेल्या कुटुंबांना दुसरी संस्था भेटली, टिपात हलाव. तिची मुळे जुनी आहेत. १९१३ मध्ये रोझ कॅप्लन आणि रेचल लँडी या दोन नर्सेस हदासाच्या वतीने अमेरिकेहून यरुशलेमला आल्या. पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्था लँड्समन या नर्सने माता-बालक केंद्रे उभी केली. स्वच्छ दूध गाढवावर लादून घरोघर पोचवले जाई. ‘दुधाचा थेंब’ हे नाव त्यावरून पडले. दिमोना, लोद, अश्दोद येथे आपल्या किती बाळांची वजने या केंद्रांत झाली असतील!

आता संशोधनही हेच सांगते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात १७ चाचण्या आणि १८,५३३ स्त्रियांची माहिती एकत्र केली आहे. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीच्या मिडवाइफ सोबत असल्या, तर सिझेरियन होण्याचे प्रमाण काहीसे कमी राहते आणि बाईचा अनुभव अधिक चांगला असतो, असे त्यात आढळले. ओळख असली की बाई प्रश्न विचारते, भीती बोलून दाखवते आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेते.

हा मुद्दा आज आपल्या घरात आहे. हिब्रू किंवा इंग्रजी नीट न येणाऱ्या आपल्या आजीला आपण दवाखान्यात नेतो. नर्स विचारते आजीला, उत्तर देतो आपण. ऑपरेशन हवे की नको, हेही आपणच सांगून मोकळे होतो. वाचकहो, पुढच्या वेळी प्रश्न मराठीत आजीपुढे ठेवा, तिला विचार करू द्या आणि तिचे उत्तर जसेच्या तसे नर्सला सांगा.

आणि ती आजी स्वतः कधी नर्स असेल, तर तिची प्रमाणपत्रे आणि गणवेशातला फोटो जपून ठेवा. फोटोमागे तिचे नाव आणि इस्पितळाचे नाव तिच्याकडूनच विचारून लिहा. शिफ्रा आणि पुवा यांची नावे कोणीतरी लिहून ठेवली, म्हणूनच आपल्याला ठाऊक आहेत.