उसनी पट्टी, स्वतःचा स्वर

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये २५ फेब्रुवारी १९९८ रोजी ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा होता. पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या ऑपेरातील 'नेस्सुन दोर्मा' ही आरिया, म्हणजे नायकाचे एकल गीत, लुचानो पावारोत्ती गाणार होते. ऐन वेळी ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी सोल संगीताच्या सम्राज्ञी अरीथा फ्रँकलिन उभ्या राहिल्या. वाद्यवृंदाची तयारी पावारोत्तींच्या पट्टीत झालेली. ती बदलण्यास अवधी नव्हता. अरीथांनी त्याच पट्टीत आरिया गायिली.

लोकप्रिय गायकाने आरियेला हात घातला की अभिजाताचे उपासक अस्वस्थ होतात. त्यांचा आक्षेप पोकळ नाही. ऑपेराचा आवाज मायक्रोफोनविना, वाद्यवृंदाला ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून वर्षानुवर्षे घडवलेला असतो. मात्र ही भिंत सनातन नव्हे. एन्रिको कारुसो यांनी १९०२ साली मिलानमध्ये ध्वनिमुद्रण केले आणि पुढे त्यांच्या आरिया ग्रामोफोनवरून घराघरांत पोहोचल्या. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले व हळुवार आवाजालाही वाव मिळाला. 'तुरांदोत'चा पहिला प्रयोग १९२६ चा. म्हणजे ही आरिया रंगभूमीवर आली त्याच सुमारास दोन गायकींच्या वाटा दूर जाऊ लागल्या होत्या.

वस्तुतः अधिक गंभीर प्रश्न संदर्भाचा आहे. परक्या राजपुत्राचे नाव कळेपर्यंत पेकिंगमध्ये कोणी झोपायचे नाही, अन्यथा मृत्युदंड, अशी राजकन्येची आज्ञा आहे. कालाफ विजयाच्या खात्रीने गातो तेव्हा सारे नगर भयाने जागे असते. त्याचे नाव लपवण्यासाठी पुढे ल्यू ही दासी प्राण देते. हे भय मैफिलीत उरत नाही. परंतु त्याचा दोष केवळ पॉप गायकांना कसा द्यावा? १९९० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी बीबीसीने पावारोत्तींचेच ध्वनिमुद्रण शीर्षकसंगीत म्हणून वापरले, तेव्हाच ते विजयगीत झाले होते.

अरीथांनी पावारोत्तींची नक्कल केली नाही. डेट्रॉइटमध्ये धर्मोपदेशक वडिलांच्या चर्चमध्ये त्या ज्या गॉस्पेल गायकीत वाढल्या, तिची वळणे त्यांनी येथे आणली. कालाफच्या गर्वाची जागा प्रार्थनेने घेतली, असे मला तरी जाणवते. ही संहितेशी प्रतारणा काय? असेलही. परंतु रूपांतर शिकवताना आपण केवळ काय हरवले हे मोजत नाही; त्या जागी काय आले तेही पाहतो. नुसती नक्कल आली तर तोटाच. दुसऱ्या परंपरेचा अनुभव आला तर कृतीला नवे आयुष्य लाभते. गाण्याला याहून वेगळी कसोटी का लावावी?