चर्चच्या अंगणातले स्मरण

आर्मेनियन नरसंहाराच्या स्मरणाच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला मी आधी बैरूतजवळच्या अंतेलियासला नेईन. मायभूमीतून उखडले गेलेले सिलिसियाचे आर्मेनियन धर्मपीठ १९३० साली इथे स्थिरावले. १९३८ मध्ये त्याच्या आवारात हुतात्म्यांचे चॅपेल उभे राहिले. ऑटोमन साम्राज्यातल्या १९१५ च्या नरसंहारातील बळींची, सीरियाच्या वाळवंटातून वेचून आणलेली हाडे तिथे जपली आहेत. आर्मेनियाची राजधानी येरेवानमधले त्सित्सेर्नाकाबेर्द हे नरसंहाराचे स्मारक पूर्ण झाले ते १९६७ मध्ये. निर्वासितांच्या चर्चने स्मरणाचे हे काम त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी अंगावर घेतले होते, म्हणून या अभ्यासाची सुरुवात चर्चच्या अंगणातून करावी, असे मी आग्रहाने सांगते.

परदेशातल्या आर्मेनियन चर्चबाहेर अनेकदा खाचकार दिसतो, म्हणजे क्रूस आणि वेलबुट्टी कोरलेली उभी शिळा. नुसते कोरीवकाम पाहून ती कळत नाही. २४ एप्रिलला तिच्यापुढे काय घडते ते पाहावे लागते. १९१५ मध्ये त्या तारखेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन विचारवंतांची धरपकड सुरू झाली होती. पुढे कित्येक दशके या दिवशी मृतांच्या आत्म्यांसाठी शांतिप्रार्थना होत असे. २३ एप्रिल २०१५ रोजी आर्मेनियातल्या एचमियाझिन या धर्मपीठात नरसंहाराच्या बळींना संतपद दिले गेले आणि प्रार्थनेची दिशाच पालटली. संतांसाठी शांती मागायची नसते, त्यांनाच आपल्यासाठी देवाकडे रदबदली करायला विनवायचे असते. ज्या आजोबांसाठी घराण्याने आयुष्यभर मेणबत्ती लावली, त्यांच्यापुढे आता नातीने काय मागावे? या क्षेत्रातला हा सर्वांत हळवा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे, असे मला वाटते.

स्मारकालाही मरण येते. सीरियातले देर एझ-झोर हे नरसंहारात हाकलल्या गेलेल्या आर्मेनियनांच्या मरणयात्रांचे शेवटचे टोक. तिथले स्मारक-चर्च २०१४ मध्ये सीरियाच्या युद्धात उद्ध्वस्त झाले.

आपल्याकडे मुंबईच्या फोर्टमध्ये १७९६ सालचे आर्मेनियन चर्च आहे. कोलकात्याच्या १७२४ सालच्या चर्चच्या आवारात तर १९१५ च्या बळींचे स्मारकही आहे. या वस्त्या वसवणारे बरेचसे व्यापारी इराणमधल्या न्यू जुल्फाचे, नरसंहाराच्या कितीतरी आधी इथे आलेले. अनातोलियातल्या नरसंहाराचे दुःख इथल्या समाजाने आपले कसे मानले, हे शोधायला मराठी अभ्यासकही हवेत. आर्मेनियन लिपी शिकायला वेळ लागेल, पण अंगणातले शिलालेख आजपासूनच टिपायला घेता येतील.