आपल्याच मनातलं बोलणारा रेडिओ



भाजी निवडता निवडता रेडिओ चालू असतो आणि त्यातलं कुणीतरी नेमकं आपल्या मनातलं बोलतं. हातातली जुडी हातातच राहते. 'बघा, मी हेच सांगत होते,' असं आपण घरात कुणाला तरी ऐकवतो. आपण एकट्याच असा विचार करत नाही, असा धीर येतो. हा धीर खोटा नसतो. पण राजकारणाच्या बाबतीत तो रोज, तासन् तास मिळू लागला तर काय होतं? अमेरिकेतल्या लोकांनी हे दोनदा अनुभवलं आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

डेट्रॉइट शहराजवळ रॉयल ओक नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये चार्ल्स कॉगलिन नावाचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९२६ साली त्यांनी रेडिओवर बोलायला सुरुवात केली. कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी आपल्या चर्चसमोर क्रूस जाळला, म्हणून आपण रेडिओकडे वळलो, असं ते सांगत. सुरुवातीची भाषणं धर्माची आणि मुलांसाठी होती.

मग १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. १९३३ पर्यंत दर चार कामगारांतला एक बेकार झाला. बँका बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली. अशा वेळी दर रविवारी दुपारी एक भारदस्त, मायाळू आवाज घराघरांत यायचा. तुम्ही आळशी नाही, तुमची चूक नाही, तुम्हाला लुबाडलं गेलंय, असं तो सांगायचा. भर उन्हाळ्यात रस्त्यानं चालत गेलं तर उघड्या खिडक्यांतून ते भाषण एकही वाक्य न चुकता ऐकू यायचं, अशी आठवण जुने लोक सांगत. श्रोते तीन कोटींपर्यंत असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता. पत्रं तर इतकी यायची की ती हाताळायला शंभराच्या वर कारकून लागत.

धीर देता देता शत्रू दाखवायची सवय लागली. आधी बँकवाले शत्रू होते. मग ज्या रूझवेल्ट यांना कॉगलिननी निवडणुकीत पाठिंबा दिला होता, तेच राष्ट्राध्यक्ष शत्रू ठरले. आणि शेवटी ज्यू. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत नाझींनी ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉगलिन रेडिओवर बोलले, ते त्या अत्याचाराचं समर्थन वाटावं असंच होतं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए या केंद्रानं भाषण संपल्यावर त्यात चुका असल्याचं सांगितलं आणि पुढची भाषणं लावायला नकार दिला. तेव्हा कॉगलिन यांचे श्रोते त्या केंद्राच्या दारात निदर्शनं करायला उभे राहिले. ज्याच्या दारात द्वेषाचा क्रूस जळला होता, त्याचाच आवाज बारा वर्षांत द्वेष पसरवू लागला. आणि माणसं ऐकत राहिली, कारण त्यांना त्यात आधार मिळत होता.

अमेरिकेत एका प्रश्नावर विचार चालू होता. रेडिओच्या लहरी मोजक्याच. त्या ज्याला वापरायला मिळतात, त्याची काही जबाबदारी आहे की नाही? १९४९ साली तिथल्या सरकारी प्रसारण आयोगानं एक नियम केला. त्याला 'फेअरनेस डॉक्ट्रिन' म्हणत, आपण समतोलाचा नियम म्हणू. सार्वजनिक वादाच्या विषयांवर केंद्रानं बोललं पाहिजे आणि विरुद्ध बाजूलाही वाजवी संधी दिली पाहिजे, असा तो नियम. पुढे त्यात आणखी एक भर पडली. कुणावर व्यक्तिशः हल्ला झाला, तर त्या माणसाला कळवायचं आणि उत्तर द्यायला वेळ द्यायचा.

पेनसिल्व्हानिया राज्यातल्या रेड लायन या लहानशा गावातल्या केंद्रावर एका धर्मोपदेशकानं फ्रेड कुक नावाच्या पत्रकारावर टीका केली. कुक यांनी उत्तरासाठी वेळ मागितला. केंद्र फुकट वेळ द्यायला तयार होईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ साली न्यायालयानं निकाल दिला की प्रसारण करणाऱ्याच्या हक्कापेक्षा ऐकणाऱ्यांचा हक्क मोठा. दोन्ही बाजू कानावर पडणं हा श्रोत्याचा हक्क आहे! आपण नुसत्या ऐकणाऱ्या, आपला कसला हक्क, असं वाटतं ना? म्हणून हा निकाल मुद्दाम सांगितला.

या नियमाला दुखणीही होती. वाद अंगावर नको म्हणून काही केंद्रं वादाच्या विषयांना हातच लावत नसत. शिवाय काय बोलावं यावर सरकारनं लक्ष ठेवणं हेच अनेकांना पटत नव्हतं. १९८७ साली आयोगानं समतोलाचा नियम रद्द केला. संसदेनं तो कायदा करून टिकवायचा प्रयत्न केला होता, पण राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आपला नकाराधिकार वापरला.

त्याच सुमाराला आणखी एक बदल झाला होता. गाणी एफएमवर गेली होती, कारण तिथं आवाज स्वच्छ येतो. जुनी एएम केंद्रं ओस पडली होती. बोलणं मात्र एएमवरही चांगलं ऐकू येतं. १ ऑगस्ट १९८८ रोजी रश लिंबॉ यांचा रोजचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. केंद्रांनी पैसे द्यायचे नाहीत, त्याऐवजी जाहिरातींची काही मिनिटं द्यायची, असा सौदा होता. पुढे सहाशेच्या वर केंद्रं हा कार्यक्रम लावू लागली.

लिंबॉ उजव्या विचारांचे, बोलायला मिस्कील आणि चतुर. त्यांचे श्रोते म्हणजे ट्रकवाले, शेतकरी, लहान दुकानदार, रोज लांबवर गाडी हाकत कामाला जाणारे लोक. मोठ्या शहरांतली वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले आपल्याला गावंढळ समजतात, असं त्यांना वाटायचं. आता कुणीतरी त्यांच्या बाजूनं बोलत होतं. काही हॉटेलांनी दुपारच्या जेवणाला हा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकण्यासाठी वेगळी खोली ठेवली. फोन करणारे 'डिटो' म्हणायचे, म्हणजे आधीच्यानं केलेलं कौतुक तेच माझंही समजा. पुढे या श्रोत्यांचं नावच 'डिटोहेड' पडलं, आणि ते हौसेनं मिरवू लागले. १९९४ साली रिपब्लिकन पक्षानं चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं, तेव्हा नव्या खासदारांनी लिंबॉंना आपल्यातला मानद सदस्य करून घेतलं.

या धिराची किंमत कुणी मोजली? स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्यांना लिंबॉ नाझींच्या नावाशी जोडलेल्या शब्दानं हिणवत. २०१२ साली सँड्रा फ्लूक ही कायद्याची विद्यार्थिनी काही लोकप्रतिनिधींपुढे बोलली. गर्भनिरोधकांचा खर्च आरोग्यविम्यातून मिळावा, एवढंच तिचं म्हणणं. लिंबॉंनी तिच्या चारित्र्यावर लागोपाठ तीन दिवस चिखलफेक केली. त्याच कार्यक्रमात तिला उत्तर द्यायला वेळ मिळेल, असा नियम आता उरला नव्हता. जाहिरातदार पळू लागले, तेव्हा त्यांनी माफी मागितली.

घरातही किंमत मोजावी लागली. जेन सेन्को या दिग्दर्शिकेनं आपल्या वडिलांवर माहितीपट केला. हसतमुख माणूस. कामाला जाता-येता गाडीत असे कार्यक्रम ऐकता ऐकता चिडका झाला, जेवणाच्या टेबलावर भांडू लागला. पुढे घरातला रेडिओ बिघडला, बायकोनं त्यांच्याकडे येणारा राजकीय मजकूर कमी केला, आणि ते पुन्हा निवळले, असं मुलगी सांगते. तिचा स्वतःचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसऱ्या बाजूला तरी वेगळं काय हवं होतं? २००४ साली डाव्या विचारांच्या लोकांनी 'एअर अमेरिका' हे रेडिओ नेटवर्क काढलं. त्यांनाही आपल्या माणसांचा आवाज हवा होता. पैशाचं गणित जमेना आणि २०१० च्या जानेवारीत ते बंद पडलं. आपल्यासारखं बोलणारं कुणीतरी हवं, ही भूक सगळ्यांचीच आहे.

मैत्रिणींनो, आपल्या देशात सामुदायिक रेडिओला स्वतःच्या राजकीय बातम्या देण्याची मुभा नाही. पण मोबाइलवर आता ज्याला त्याला आपापल्या मताचं हवं तेवढं ऐकायला मिळतं. सासऱ्यांचा एक आवाज, मुलाचा दुसरा, आपला तिसरा. १९९५ साली आपल्याही सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. म्हणजे आपलीच.

तेव्हा आपल्या मनातलं बोलणारा आवाज जरूर ऐका. दिवसभर राबून थकलेल्या बाईला तेवढा विसावा हवाच. फक्त ऐकताना एक विचार मनात येऊ द्या. इथं ज्या माणसाबद्दल बोलणं चाललंय, तो किंवा ती इथं येऊन उत्तर देऊ शकते का? देऊ शकत नसेल, तर त्या माणसाची बाजू निदान आपल्या घरात कुणालातरी विचारा. सासऱ्यांना विचारलंत तर ते चकितच होतील. कदाचित खूश होऊन चहाही मागतील.