बाण किती उंच गेला?

श्रोतेहो, दिवाळीच्या रात्री अंगणात बाटली उभी करून पोट्टे बाण सोडतात. बाण सूं करून वर जातो आणि पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, "केवढा उंच गेला!" पण केवढा, असे कोणी विचारले तर? एक म्हणेल, कडुलिंबाच्या दुप्पट. दुसरा म्हणेल, छे, पाण्याच्या टाकीच्याही वर. वाद रंगतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा बाण उंच ठरतो. आज आपण या साध्या प्रश्नाचाच इतिहास पाहू. बाण उडवणे माणसाला फार पूर्वी साधले. तो कुठवर गेला हे खात्रीने सांगणे मात्र बरेच उशिरा साधले.

बाण आपल्याला नवा नाही. मराठ्यांच्या लढायांच्या वर्णनांत तोफा, जेजाला, सुतरनाळा यांच्या जोडीला बाण येतो. हा धनुष्याचा बाण नव्हे, दारू भरलेला, पेटवून सोडायचा. म्हैसूरच्या हैदर अली आणि टिपू सुलतान यांनी तो लोखंडी नळीत भरला. नळी लोखंडाची, म्हणून आतला दाब अधिक सोसला जाई आणि बाण दूर जाई. 5 एप्रिल 1799 च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठ येथील झाडीत कर्नल आर्थर वेलस्ली आपली पलटण घेऊन शिरला. अंधारातून बाण आणि गोळ्या आल्या, पलटण पांगली, त्याला मागे फिरावे लागले.

हाच वेलस्ली चार वर्षांनी आपल्या वऱ्हाडात आला. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली. 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. 30 डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो अंजनगाव सुर्जीला. एस.टी.च्या पाटीवर रोज दिसणारी ही नावे इतिहासाच्या पुस्तकात अशी बसली आहेत.

बाणाचे पुढे काय झाले? टिपू पडल्यावर म्हैसूरचे काही बाण इंग्लंडात वूलिचच्या शस्त्रागारात गेले. तिथे विल्यम काँग्रीव्ह नावाच्या गृहस्थाने वेगवेगळ्या वजनाचे बाण बनवले, मोकळ्या जागेत सोडून पाहिले, कोणता किती लांब जातो ते मोजले आणि छापून काढले. 1807 साली त्याच बाणांनी कोपनहेगन शहर जाळले. बाण आपल्याकडून गेला, पण त्याच्या मापांची वही तिकडे लिहिली गेली. पुढची सुधारणा झाली ती वहीवरून. शिक्षकबंधूंनो, ही गोष्ट वर्गात सांगताना टिपूच्या शौर्याइतकाच या वहीवरही जोर द्या.

ही मोजणी आली कुठून? काँग्रीव्हच्याही पन्नास वर्षे आधी बेंजामिन रॉबिन्स नावाचा एक गणिती होऊन गेला. एप्रिल 1749 मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये तहाच्या आनंदात सरकारी आतषबाजी झाली. सारे शहर शोभा बघत होते, आणि रॉबिन्सला पडला होता आपलाच प्रश्न: हे बाण किती उंच जातात? दूर अंतरावरून कोन मोजून त्याने उत्तर काढले. नेहमीचे बाण साधारण चारशे यार्डांवर चढतात, असे ते निघाले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि 1751 साली मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

त्याची युक्ती सातवीच्या मुलालाही समजेल. बाणापासून 100 मीटर दूर उभे राहा. बाण शेंड्याला पोचला तेव्हा तुमची नजर जमिनीपासून 45 अंश वर गेली, तर बाणाची उंची 100 मीटर, अधिक तुमच्या डोळ्यांची उंची. 30 अंश भरले तर सुमारे 58 मीटर. दोरी, कोनमापक आणि ओळंबा एवढेच सामान. पण यात एक मेख आहे. वाऱ्याने बाण तुमच्याकडे सरकला तर कोन वाढतो आणि उंची फुगते. पलीकडे सरकला तर घटते. म्हणून एकावर भिस्त ठेवू नये. दोघांनी दोन बाजूंनी बघावे.

एक उदाहरण घेऊ. मधोमध बाण, आणि दोन्ही बाजूंना 40-40 मीटरवर एकेक विद्यार्थी. एकाला 35 अंश मिळाले, दुसऱ्याला 45. पहिला एकटा असता तर 28 मीटर सांगता, दुसरा 40. भांडण ठरलेलेच! आता कागदावर 8 सेंटिमीटरची रेघ ओढा, 10 मीटरला 1 सेंटिमीटर या मापाने. दोन्ही टोकांवर दोघांचे कोन काढा. रेषा जिथे मिळतील तिथून खाली लंब टाका. तो 3.3 सेंटिमीटर भरेल, म्हणजे 33 मीटर. भांडण पट्टीने मिटले.

आता विसाव्या शतकात येऊ. 16 मार्च 1926 रोजी अमेरिकेत ऑबर्न गावी, नात्यातल्या आत्याच्या शेतावर, रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकाने द्रवरूप इंधनाचे पहिले रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद उडाले, 41 फूट चढले आणि 184 फुटांवर जाऊन पडले. त्याची पत्नी एस्थर चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन उभी होती, पण त्याची चावी एका वेळी सातच सेकंद चाले. रॉकेट जागचे हलायच्या आतच चावी संपली. जगाच्या इतिहासातले ते उड्डाण चित्रात आलेच नाही. राहिली ती गॉडर्डच्या रोजनिशीतली नोंद. 17 जुलै 1929 ला त्याने पुढचे पाऊल टाकले. रॉकेटमध्येच वायुभारमापक, तापमापक आणि त्यांची टिपणी घेणारा लहान कॅमेरा बसवला. मोजणारा आता जमिनीवरून उठून रॉकेटमध्ये जाऊन बसला.

आपल्या देशात ही विद्या नव्याने आली ती 21 नोव्हेंबर 1963 रोजी, केरळातल्या थुंबा येथे. ही जागा निवडताना विक्रम साराभाईंना साथ देणारे एकनाथ चिटणीस हे कोल्हापूरचे, आणि थुंब्याच्या पहिल्या फळीतले प्रमोद काळे हे जन्माने पुण्याचे. त्या संध्याकाळी नाइकी-अपाची जातीचे अमेरिकन रॉकेट आकाशात गेले आणि उंचावर त्याने सोडियमची वाफ सोडली. जमिनीवर अंधार पडू लागलेला, पण वर ऊन होतेच. त्यामुळे केशरी ढग लांबवरून दिसला. वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याची छायाचित्रे घेतली गेली. मागचे तारे हेच कोनमापक! त्यावरून ढग कुठे होता आणि वरचा वारा त्याला कसा ओढत नेत होता, हे काढायचे. म्हणजे पुन्हा रॉबिन्सचाच त्रिकोण. फक्त पाया फार मोठा.

आता खिशातल्या फोनकडे वळू. स्मार्टफोन म्हटला की आपल्याला बोलणे आणि चित्रपट आठवतो. पण त्याच्या पोटात गवंड्याचा ओळंबाही आहे, बरं का! फोन उभा की आडवा हे ज्या बारीक यंत्राने त्याला कळते, तो त्वरणमापक हा एक तऱ्हेचा ओळंबाच. शिवाय कॅमेरा आहे, घड्याळ आहे, उपग्रहांवरून जागा सांगणारी सोय आहे आणि काही फोनांत वायुभारमापकही आहे. गॉडर्डने 1929 साली सुटे सुटे जमवलेले बहुतेक सामान आज एका हातात मावते. 25 फेब्रुवारी 2013 रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी20 ने सोडलेल्या उपग्रहांत इंग्लंडचा स्ट्रँड-1 होता. त्याच्या आत चक्क बाजारात मिळणारा फोन बसवलेला होता.

मग शाळेने काय करावे? दारूचे बाण अजिबात बनवू नयेत. त्यापायी पोरांची बोटे गेली आहेत. थंड पेयाची प्लास्टिकची धड बाटली, तिसरा हिस्सा पाणी, घट्ट बूच आणि लांब नळीचा सायकलचा पंप एवढे पुरे. कापूस वेचून पऱ्हाटी उपटलेले मोकळे वावर बघा. वर विजेची तार नको, जवळ बेलोरा किंवा शिवणीचा विमानतळ नको. पंप मारणाऱ्यासह सगळे जण दहा पावले दूर राहा, आणि बाटलीवर कोणी वाकू नका.

फोन बाटलीत घालायचा नाही. तो जड आहे, महागही आहे. दोन फोन दोन बाजूंना ठेवा. फोनची कड बाणाच्या शेंड्यावर रोखली की कोन सांगणारी सोय फुकट मिळते. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाने 2016 साली काढलेले फायफॉक्स हे ॲप अशा कामाला चांगले आहे. तिसरा फोन चित्रण करील. बाटलीशेजारी दोन मीटरचा बांबू रोवून त्यावर खुणा करा. साध्या चित्रणात सेकंदाला 30 चित्रे असतात. बाटलीने तीन चित्रांत दीड मीटर कापले, तर वेग झाला सेकंदाला 15 मीटर.

फोनचेही सगळे खरे मानू नका, नाही का? बाटली शेंड्यावरून खाली यायला 3 सेकंद लागले, तर पुस्तकातला नियम 44 मीटर सांगेल. पण रिकामी बाटली हलकी. हवा तिला अडवते, म्हणून हा आकडा फुगलेला असतो. आपल्या भागात एक मिलिबार दाब कमी होणे म्हणजे सुमारे नऊ मीटर चढणे. वायुभारमापक विहिरीची खोली किंवा गाविलगडाचा चढ छान दाखवील, पण तो असतो थोड्याच फोनांत. उपग्रहावरून मिळणारी जागा बहुधा सेकंदाला एकदाच बदलते. चार-पाच सेकंदांच्या उड्डाणात तिचा काय उपयोग?

म्हणून माझे सांगणे एवढेच की फोनबरोबर एक वही ठेवा. तारीख, वारा कुठून, पाणी किती, पंपाचे हात किती, दोन कोन, निघालेली उंची, आणि शेवटी मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. बाटली फुकट गेली, कोन चुकला, तेही लिहा. फोन बदलतो, हरवतो, त्यातले चित्रण पुसले जाते. शाळेच्या कपाटातली वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला मिळते. त्या वर्गातल्या एखाद्या मुलीने मागची पाने चाळून विचारले, "गुरुजी, पाणी कमी केल्यावर बाण उंच का गेला?" तर तिला उत्तर सांगू नका. बाटली द्या, वही द्या आणि वावराकडे पाठवा.