तिरुपूर येथील वस्त्ररंगाई आणि नोय्यल नदीचे प्रदूषण

तिरुपूर हे तमिळनाडू राज्यातील शहर सुती होजिअरी कपड्यांच्या निर्यातीचे भारतातील प्रमुख केंद्र आहे. येथील रंगाई व ब्लीचिंग कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे नोय्यल नदी आणि तिच्या खालच्या खोऱ्यातील शेती खारावली. शेतकऱ्यांनी दीर्घकाळ चालवलेल्या न्यायालयीन लढ्यानंतर या कारखान्यांवर सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याचे, म्हणजे 'शून्य विसर्गाचे' बंधन आले.

पार्श्वभूमी

नोय्यल नदी पश्चिम घाटातील वेल्लियंगिरी डोंगरांत उगम पावते आणि कोइंबतूर व तिरुपूर शहरांतून वाहत करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. १९८०च्या दशकापासून निर्यात वाढू लागली, तशी तिच्या काठावरील रंगाई कारखान्यांची संख्याही वाढली. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवताना रंग धाग्यावर चढावा म्हणून पाण्यात भरपूर मीठ किंवा सोडियम सल्फेट घालावे लागते. रंगाचा बराचसा भाग कापडात मुरतो. मीठ मात्र जवळजवळ सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. नेहमीच्या जैविक व रासायनिक प्रक्रियेने पाण्याचा रंग फिका होतो, परंतु विरघळलेले क्षार कमी होत नाहीत. सुरुवातीची सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहूनही नदी सुधारली नाही, त्याचे हे मुख्य कारण होय.

सिंचनासाठी नोय्यलवर बांधलेले ओरत्तुपालयम धरण १९९०च्या दशकात सांडपाण्याचे साठवण तळे बनले. विहिरी खारट झाल्या, जमिनी नापीक झाल्या. ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्याच शेतकऱ्यांवर त्यातील पाणी सोडू नये अशी मागणी करण्याची वेळ आली.

परदेशी खरेदीदारांचा दबाव

जर्मनीने १९९४ मध्ये कर्करोगकारक अमाइन निर्माण करू शकणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी घातली. युरोपीय संघाने २००२ मध्ये तसाच निर्देश काढला. माल परत येण्याच्या भीतीने निर्यातदारांनी हे रंग तुलनेने लवकर सोडले. मात्र हे नियम वापरणाऱ्याच्या अंगावर येणाऱ्या कापडापुरते होते. मीठ कापडात उरत नाही, त्यामुळे खरेदीदाराच्या प्रयोगशाळेतील तपासणीत नोय्यलचे नुकसान दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

न्यायालयीन लढा

करूर भागातील शेतकरी १९९६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेले. पुढे नोय्यलच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या संघटनेनेही याचिका दाखल केली. २००६ मध्ये न्यायालयाने कारखान्यांना ठरावीक मुदतीत शून्य विसर्ग साध्य करण्याचा आणि तोपर्यंत सोडलेल्या सांडपाण्यावर लिटरमागे दंड भरण्याचा आदेश दिला. कारखानदारांच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये 'प्रदूषकानेच किंमत मोजावी' या तत्त्वाचा आधार घेत मुदत थोडी वाढवली, परंतु बंधन कायम ठेवले. मुदत उलटूनही पालन न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने अवमान याचिकेवर सर्व रंगाई व ब्लीचिंग कारखाने बंद करून त्यांची वीज तोडण्याचा आदेश दिला. सातशेहून अधिक कारखाने त्यामुळे थांबले आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला. राज्य शासनाने नंतर सामायिक केंद्रांच्या सुधारणेसाठी २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. नियम पूर्ण करणारे कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू झाले.

परिणाम

शून्य विसर्गाच्या पद्धतीत सांडपाणी रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यांतून गाळले जाते, उरलेले खारे पाणी आटवले जाते आणि मिळालेले पाणी व मीठ पुन्हा रंगाईत वापरले जाते. पाण्याची गरज त्यामुळे बरीच घटली. मात्र पाणी आटवण्यासाठी वीज व वाफ मोठ्या प्रमाणावर लागते, आणि हा खर्च रंगाईच्या दरात भरावा लागतो. परिणामी बंदीच्या काळात व नंतरही काही काम नियम सैल असलेल्या इतर ठिकाणी गेले. प्रक्रियेच्या अखेरीस उरणाऱ्या मिश्र क्षारांना तर ग्राहकच नाही. ते पोत्यांत भरून केंद्रांच्या आवारात साठवावे लागतात.