मध्यरात्रीचं सोनेगाव

आजोबा टपाल खात्यात सॉर्टर होते. त्यांच्या तोंडून नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या गोष्टी ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे विमानांच्या आधी थैल्या यायच्या. लाखेचं सील मारलेल्या, थंडीत हातोहात पळवलेल्या.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपुरात उतरायची. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे. मग प्रत्येक विमान उरलेल्या तिन्ही शहरांचं टपाल घेऊन पहाटेपर्यंत आपल्या गावी परत. एका विमानाला उशीर झाला की बाकीची तिन्ही खोळंबून राहायची आणि मग सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा, असं आजोबा सांगत. त्याच वर्षी एप्रिलपासून देशातल्या पत्रांना विमानासाठी जादा पैसे पडेनासे झाले. आजोबांना सगळ्यात मोठा अभिमान याचा होता. खेड्यातल्या माउलीनं मुलाला लिहिलेलं पत्र आता विमानानं जाणार होतं.

आजीची आठवण मात्र वेगळी. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेलं डाकोटा विमान सोनेगावहून उडताच कोसळलं. तेरा जण गेले. वैमानिक तेवढा वाचला. त्या रात्री आजोबा ड्युटीवर होते. ते घरी येईपर्यंत आजी दारातून हलली नाही. त्यानंतर विमानाचा आवाज आला की ती देवापुढे हात जोडायची, आणि ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

डाकोटाचा पल्ला बेताचा, म्हणून देशाच्या मधोमध थांबणं सोयीचं होतं. पुढे जेट विमानं आली, शहरं थेट जोडली गेली आणि सत्तरच्या दशकात ही सेवा बंद पडली. विमानं नागपूरवरून जात राहिली, फक्त उतरेनाशी झाली. त्यांना आकाशात वाट दाखवण्याचं काम इथल्या हवाई नियंत्रण कक्षाकडे आजही आहे. पण तेवढ्यानं गावाच्या पदरात काय पडतं?

मिहान या नागपूरच्या विमानतळ आणि मालवाहतूक केंद्राच्या प्रकल्पाची घोषणा झाली तेव्हा नकाशावरच्या त्याच मध्यबिंदूची आठवण पुन्हा निघाली. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. दीक्षाभूमीच्या शहराला ते शोभून दिसतं. बोइंगनं उभारलेलं विमानदुरुस्तीचं केंद्रही आलं. मालवाहतुकीचं मोठं स्वप्न मात्र अजून पुरतं फळलेलं नाही. मला वाटतं, मध्यावर असण्याचं कौतुक आपण फार केलं. १९४९ मध्येही नागपूर आपोआप केंद्र झालं नव्हतं. कुणीतरी चार शहरांचं वेळापत्रक जुळवलं, पत्राचा खर्च सरकारनं उचलला आणि रात्रपाळीची माणसं वर्षानुवर्षं वेळ पाळत राहिली, तेव्हा ते झालं.

नवं टर्मिनल बांधतील तेव्हा त्याच्या दर्शनी भिंतीवर त्या चार विमानांचं वेळापत्रक कोरावं, असं मला मनापासून वाटतं. आणि वैमानिकांच्या जोडीनं थैल्या वाहणाऱ्यांचीही नावं तिथे असावीत. जुन्या हजेरीपटांत ती सापडतील. शोधायला मी तयार आहे.